कढई जळत नाही, मग फुलबाजी का जळते?

रोज गॅसच्या ज्योतीवर लोखंडी कढई ठेवतो. ती तापते, काळी होते, पण कधी पेट घेत नाही. दिवाळीत मात्र तेच लोखंड आपण हौसेने जाळतो. फुलबाजीतून तडतडत उडणाऱ्या सोनेरी ठिणग्या म्हणजे बहुतांशी लोखंडाच्या किसाचे जळणारे कण असतात. तिसरं उदाहरण खिडकीच्या जुन्या गजांचं. त्यांच्यावर चढलेला गंज म्हणजेही लोखंडाचा ऑक्सिजनशी झालेला संयोगच. फक्त तो इतका सावकाश होतो की त्याला ना ज्योत दिसते, ना ऊब जाणवते.

धातू एकच, हवेतला ऑक्सिजनही तोच. मग गजाला वर्षं लागतात, फुलबाजीचा कण क्षणात संपतो आणि कढई आयुष्यभर टिकते, हे कसं? या प्रश्नाचं उत्तर शाळेच्या रसायनशास्त्राच्या तासाला अगदी साध्या प्रयोगांतून मिळतं. ते नीट समजलं तर त्याचा उपयोग परीक्षेपुरता राहत नाही. स्वयंपाकघरात, होळीच्या वेळी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत एखादा जीवही त्यामुळे वाचू शकतो.

आगीला तीन गोष्टी लागतात

काहीही जळायचं तर इंधन हवं, ऑक्सिजन हवा आणि पेट घेण्याइतकी उष्णता हवी. प्रत्येक पदार्थ एका ठराविक तापमानाला पेटतो. त्याला ज्वलनांक म्हणतात. कागदाचा ज्वलनांक साधारण २३० अंश सेल्सियस आहे.

आठवीच्या वर्गात होणारा एक जुना प्रयोग हीच गोष्ट दाखवतो. कागदाच्या द्रोणात थोडं पाणी घेऊन तो ज्योतीवर धरला, तर पाणी गरम होतं, उकळूही लागतं, पण कागद जळत नाही. पाणी १०० अंशांना उकळतं आणि कागदाला मिळणारी उष्णता सतत ओढून घेतं. त्यामुळे कागद २३० अंशांपर्यंत पोहोचतच नाही. पाणी संपलं की मात्र द्रोण लगेच पेटतो.

कढईचंही थोडंफार असंच आहे. ज्योतीची उष्णता सगळ्या जाड धातूत पसरते, त्यामुळे कुठलाही एक भाग पेट घेण्याइतका तापत नाही. फुलबाजीतल्या इवल्याशा कणाला उष्णता पसरवायला जागाच नसते. तो झटकन तापतो आणि जळून जातो.

जेवढा बारीक तुकडा, तेवढी घाईची आग

चूल पेटवणारी कोणतीही आजी हे जाणून होती. आधी काटक्या, चिपाड, मग लाकडाच्या ढलप्या आणि शेवटी ओंडका. काडी लावून थेट ओंडका पेटवायला कुणी जात नाही. कारण जळण्याची क्रिया पदार्थाच्या पृष्ठभागावर होते. हवा जिथे टेकते तिथेच ऑक्सिजन मिळतो.

हा पृष्ठभाग किती वाढतो, ते वहीत करून बघा. एक सेंटिमीटर बाजू असलेला घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक मिलिमीटरचे १,००० घन केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर होतो. आणखी बारीक, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे कण केले, तर तोच पृष्ठभाग ६,००० चौरस सेंटिमीटर भरतो. पदार्थ तेवढाच राहिला, पण हवेला भेटायची जागा हजार पटींनी वाढली.

वर्गात शिक्षक हे लोखंडी लोकरीने दाखवतात. हार्डवेअरच्या दुकानात ती स्टील वूल या नावाने मिळते. (भांडी घासायची चकचकीत स्टेनलेस स्टीलची घासणी वेगळी, ती अशी जळत नाही.) बर्नरच्या ज्योतीत लोखंडी खिळा धरला तर तो फक्त लाल होतो. लोकरीचा पुंजका धरला तर त्यातून ठिणग्या धावू लागतात. पुंजका जाळण्याआधी आणि नंतर वजन करून बघितलं, तर मुलांना आणखी एक धक्का बसतो. कागद जळला की हलका होतो, पण लोखंडाची लोकर जळून जड होते! कागदातून तयार झालेले वायू उडून जातात. लोखंडाने मात्र हवेतला ऑक्सिजन धरून ठेवलेला असतो. जळताना हवेतला काही भाग पदार्थाशी जोडला जातो, ही गोष्ट अठराव्या शतकात फ्रान्सच्या आंत्वान लाव्हाझिएने वजनकाट्याच्या मदतीनेच सिद्ध केली होती.

याच धड्याचा पुढचा प्रयोग लायकोपोडियमचा. हे एका वनस्पतीचे अतिशय बारीक, पिवळसर बीजाणू. बशीत त्यांचा ढीग करून काडी लावली तर ते कसेबसे धुमसतात. तेच चिमूटभर ज्योतीवर फुंकले की भप्पकन मोठा जाळ होतो. ढिगात फक्त वरच्या थराला हवा मिळत होती. फुंकल्यावर प्रत्येक कण हवेने वेढला गेला.

हा खेळ कारखान्यात झाला तर काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. इटलीतल्या तुरिन शहरात १७८५ मध्ये एका बेकरीच्या कोठारात पिठाच्या धुळीचा स्फोट झाला. अशा स्फोटांच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात २ मे १८७८ रोजी वॉशबर्न ए ही पिठाची प्रचंड गिरणी अशाच स्फोटात उद्ध्वस्त झाली आणि १८ माणसं गेली. अगदी अलीकडे, ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेच्याच जॉर्जिया राज्यात साखरेच्या कारखान्यात साचलेल्या साखरेच्या धुळीने पेट घेतला. त्यात १४ कामगारांचा मृत्यू झाला. पीठ आणि साखर, दोन्ही आपल्या डब्यातल्याच वस्तू. घरात पोळ्या लाटताना उडणाऱ्या पिठाची भीती बाळगायचं कारण नाही. दाट धूळ, बंद जागा आणि ठिणगी असं सगळं जुळून यावं लागतं. पण पेटलेल्या कढईवर पीठ टाकून आग विझवायला जाऊ नये, ते यामुळेच.

मेणबत्तीत नेमकं जळतं काय?

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी विज्ञान व्याख्यानं होतात. तिथे मायकेल फॅरडे यांनी एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. आधी १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१ च्या सुट्टीत. लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला होता. पुढे तो आपल्या काळातला फार मोठा शास्त्रज्ञ झाला. मुलांना शिकवायला त्याने निवडली ती प्रत्येकाच्या घरातली वस्तू.

त्यातलाच एक प्रयोग आजही वर्गावर्गात केला जातो. मेणबत्ती हलकेच फुंकून विझवायची. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाते. पेटती काडी वातीला न लावता, दोनेक सेंटिमीटर वर त्या रेघेत धरायची. ज्योत उडी मारून खाली येते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. म्हणजे जळत होती ती मेणाची वाफ. घन मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि मग ती वाफ जळते. मेणबत्ती तासन् तास शांतपणे पुरते, कारण वाफ थोडी थोडी तयार होते आणि ज्योतीच्या कडेला हवेशी सावकाश मिसळते.

इंधन आणि हवा आधीच मिसळून ठेवली तर? वर्गातला बन्सन बर्नर त्याचं उत्तर देतो. त्याचं हवेचं छिद्र बंद असताना ज्योत पिवळी, डुलणारी आणि काजळी धरणारी असते. छिद्र उघडलं की गॅस जळण्याआधीच हवेत मिसळतो आणि ज्योत निळी, आखूड, कडक होते. घरातल्या शेगडीचंही तसंच आहे. ज्योत पिवळी पडून भांड्याची बुडं काळी होऊ लागली, तर बर्नरची छिद्रं तुंबली आहेत, हवा पुरेशी मिसळत नाही, हे ओळखावं आणि बर्नर साफ करावा.

याचं टोकाचं रूप फुग्यांच्या प्रयोगात दिसतं. नुसत्या हायड्रोजनने भरलेला फुगा लांब काठीला लावलेल्या ज्योतीने पेटवला तर भप्प असा आवाज होऊन आगीचा गोळा वर जातो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही आधीच मिसळलेला फुगा मात्र कानठळ्या बसवणारा धमाका करतो. पहिल्यात वायूला बाहेरच्या हवेची वाट बघावी लागते, दुसऱ्यात वाट बघण्यासारखं काही उरलेलंच नसतं. जत्रेत काही फुगेवाले हायड्रोजनचे फुगे विकतात. असे फुगे वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्यांजवळ आणू नयेत.

घरातली गॅसगळतीही म्हणूनच घातक. शेगडीवर एलपीजी जळतो तेव्हा तो शिस्तीत जळतो. गळती होऊन तोच गॅस खोलीतल्या हवेत मिसळला, त्याचं प्रमाण साधारण २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान पोहोचलं आणि त्यात दिव्याच्या बटणाची ठिणगी पडली, की अख्खी खोली त्या दुसऱ्या फुग्यासारखी होते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. वास आला तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा.

ऑक्सिजन वाढला की वेग वाढतो

फुंकणीने फुंकर घातली की निखारे रसरसतात, लोहाराचा भाता हलला की भट्टी पांढरी पडते. प्रयोगशाळेत हेच अधिक स्पष्ट दिसतं. विझून नुसती धुमसणारी काडी ऑक्सिजनने भरलेल्या परीक्षानळीत सोडली की ती पुन्हा ज्योतीने पेटते. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, नळीत तो त्याच्या कितीतरी पट असतो.

नासाच्या अपोलो १ यानात २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच सराव चालू होता. यानात शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता. एका ठिणगीनंतर एरवी सावकाश जळणाऱ्या वस्तूंनीही भराभर पेट घेतला आणि गस ग्रिसम, एड व्हाइट व रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर दगावले. आज अनेक घरांत आजारी माणसासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर असतो. त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, विडी-सिगारेट काहीही पेटवू नये. देवघर दुसऱ्या खोलीत हलवावं.

मेणबत्ती आणि पेल्याचं कोडं

एक प्रयोग जवळजवळ प्रत्येक शाळेत होतो. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा पेला. मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. मग सांगितलं जातं, की एक पंचमांश पाणी चढलं, म्हणजे हवेत एक पंचमांश ऑक्सिजन होता आणि तो संपला.

ऐकायला छान वाटतं, पण हे खरं नाही. पेल्यातला ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. म्हणजे बराचसा ऑक्सिजन शिल्लकच राहतो. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होऊन जागा व्यापतो. पाणी चढतं ते मुख्यतः वेगळ्या कारणाने. ज्योतीमुळे पेल्यातली हवा तापून फुगते, काही हवा बाहेर निसटते, आणि ज्योत विझल्यावर आतली हवा थंड होऊन आकसते.

मुलांना हे सांगण्यापेक्षा तपासायला द्यावं. पाणी ज्योत जळत असताना जास्त चढतं की विझल्यावर? पेल्याच्या कडेने आधी बुडबुडे निघतात का? एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी तेवढंच चढतं की जास्त? आत ऑक्सिजन तर तेवढाच आहे! तीन मेणबत्त्यांनी पाणी जास्त चढलेलं दिसलं, की जुनं उत्तर आपोआप मोडतं. मोठ्यांच्या देखरेखीखाली घरी करण्यासारखा हा प्रयोग आहे.

प्रयोग जेव्हा अपघात होतो

आगीचे प्रयोग मुलांना आवडतात, त्यामुळे शिक्षकांनाही ते करायचा मोह होतो. अमेरिकेत ‘इंद्रधनुषी ज्योत’ नावाचा प्रयोग लोकप्रिय होता. वेगवेगळे क्षार बशांत ठेवून त्यांवर मिथेनॉल ओतायचं आणि पेटवायचं. तांब्याच्या क्षाराने हिरवी, स्ट्रॉन्शियमने लाल, सोडियमने पिवळी ज्योत दिसते. ज्योत मंदावली की शिक्षक बाटलीतून आणखी मिथेनॉल ओतत आणि अपघात नेमका तिथे होई. मिथेनॉलची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. विझली असं वाटलेली ज्योत ओतलेल्या धारेवरून बाटलीपर्यंत जाते. बाटलीत वाफ आणि हवा आधीच मिसळलेली असते, म्हणजे तो दुसरा फुगाच! बाटलीच्या तोंडातून जळत्या द्रवाचा फवारा समोरच्या बाकांवर जातो.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने डिसेंबर २०१३ मध्ये याबद्दल इशारा देणारी चित्रफीत काढली. काही आठवड्यांतच, जानेवारी २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका शाळेत याच प्रयोगात एक विद्यार्थी गंभीर भाजला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नेवाडा राज्यातल्या एका विज्ञान संग्रहालयात मिथेनॉलच्याच दुसऱ्या प्रयोगात १३ जण जखमी झाले, त्यांत बहुतेक मुलं होती. तेच रंग दाखवायचा सुरक्षित मार्ग आहे. क्षारांच्या पाण्यात भिजवलेल्या लाकडी काड्या एकेक करून बर्नरच्या ज्योतीत धरायच्या. रंग तेच दिसतात, ओतायचं काहीच नसतं.

हा धोका परदेशातल्या शाळांपुरता नाही. होळी किंवा शेकोटी मंदावली म्हणून बाटलीतून रॉकेल, पेट्रोल किंवा स्पिरिट ओतणं म्हणजे हेच करणं. सॅनिटायझर हाताला लावून तो वाळायच्या आत गॅस पेटवणंही त्याच जातीचं.

घराने आणि शाळेने काय करावं

आगीची भीती घालून प्रयोगच बंद करणं हा उपाय नव्हे. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने गावातल्या साध्या शाळांतही स्वस्त साहित्यातून मुलं स्वतः प्रयोग करू शकतात, हे तीस वर्षं दाखवलं. त्या कार्यक्रमात सहभागी झालेले अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याचं मोठं काम केलं. भडका जितका मोठा, तितकं शिक्षण चांगलं, असं काही नसतं.

काही गोष्टी मात्र पक्क्या असाव्यात.

• इंधनाची मोठी बाटली प्रयोगाच्या टेबलावर कधीच नको. लागेल तेवढंच काढून बाटली बंद करून दूर ठेवावी आणि पेटवल्यावर पुन्हा ओतू नये.

• शिक्षकाने प्रयोग आधी एकट्याने करून बघावा. मुलं काही मीटर दूर असावीत, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, केस बांधलेले, ओढणी आवरलेली आणि कपडे सुती असावेत.

• वाळूची बादली, जाड सुती ब्लँकेट आणि अग्निशामक हाताशी असावं आणि ते वापरता यायला हवं.

• मोबाइलवर पाहिलेला आगीचा प्रयोग मुलांनी एकट्याने घरी करू नये. करून बघावासा वाटला तर आधी मोठ्यांना दाखवावा.

• कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये. धावण्याने हवा मिळते आणि आग वाढते. थांबावं, जमिनीवर पडावं, लोळावं.

• भाजल्यावर तो भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही लावू नये. जखम मोठी किंवा चेहऱ्यावर असेल तर लगेच डॉक्टर गाठावा.

• कढईतल्या तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून वर धातूचं झाकण ठेवावं आणि थंड होईपर्यंत ते काढू नये. पाणी तर अजिबात टाकू नये.

या शेवटच्या सूचनेचं कारण मुलांनाच विचारून पाहा. हा लेख वाचलेलं मूल ते सांगू शकेल. पेटलेलं तेल २०० अंशांहून बरंच जास्त तापलेलं असतं. पाणी जड असल्याने तेलाखाली जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. ही वाफ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा घेते. ती तेलाला बारीक थेंबांच्या रूपात हवेत उधळते. थेंब बारीक म्हणजे पृष्ठभाग प्रचंड, आणि प्रत्येक थेंबाभोवती हवा. कढईत शिस्तीत जळणारं तेल फुंकलेल्या लायकोपोडियमसारखं छतापर्यंत भडकतं. खिळा आणि लोखंडी लोकर यांतला फरक ज्याला कळला आहे, त्याचा हात पाण्याकडे न जाता झाकणाकडे जाईल.